विहिरीकाठची आठवण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त विधवा भगिनी व विधुर बंधू यांजसमोर केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही देवळातील जुन्या नोंदवह्या चाळल्या. विवाहांच्या वहीत जी दोन नावे शेजारी शेजारी आढळतात, तीच मृत्यूंच्या वहीत निरनिराळ्या पानांवर, कधी कधी 30-40 वर्षांच्या अंतराने आढळतात. मधली वर्षे मागे राहिलेल्याने कशी काढली, याची नोंद कोठल्याही वहीत नाही. त्या वर्षांविषयी आज दोन शब्द बोलावे, असा आमचा हेतू आहे.

पती किंवा पत्नी निवर्तल्यावर दुःख केवळ अंतःकरणात राहत नाही. ते घरादारात वस्तीस येते. ओट्याची कड, चुलीजवळचा पाट, बाजारच्या वाटेवरील वळण, मिस्सेच्या वेळचे बाक, ही ठिकाणे काल साधी होती; आज तेथे पाऊल ठेववत नाही. दफनभूमीत जाताना मनुष्य मनाची तयारी करून जातो. पाट मांडताना तशी तयारी कोण करतो? म्हणून घाव तेथेच बसतो.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध विधुर गृहस्थ विहिरीची वाट टाळून, लांबच्या बांधावरून देवळात येत. त्यांची पत्नी नित्य त्या विहिरीवर पाणी भरीत असे. आम्ही त्यांस म्हणालो, "बाबा, काही महिने मुलाकडे मुंबईस राहा, स्थळ बदलले म्हणजे मन हलके होईल." ते गेले आणि पंधरवड्यातच परतले. म्हणाले, "फादर, तिथे मला रडायलासुद्धा जागा नाही. इथे निदान विहीर तरी आहे." आम्ही निरुत्तर झालो.

सेमिनरीत जे वाचले होते, ते आम्हांस तेव्हा आठवावयास हवे होते. संत ऑगस्टीन यांचा तरुणपणीचा मित्र वारला, तेव्हा दोघांच्या सहवासाची प्रत्येक जागा त्यांस असह्य झाली. ते थागास्ते हे आपले गाव सोडून कार्थेज येथे गेले. परंतु गाव सोडता आले तरी स्वतःस सोडून जाता येत नाही, हेही त्यांनीच कबूल केले आहे. मित्राच्या वियोगाची ही अवस्था, तर एका चुलीवर संसार केलेल्यांची काय सांगावी?

याकोबाने निराळे केले. राहेलची व त्याची प्रथम भेट विहिरीवर झाली. तिच्या मेंढरांसाठी त्याने विहिरीवरील धोंडा लोटला. तिच्यासाठी त्याने 7 वर्षे, आणि विवाहानंतर आणखी 7 वर्षे चाकरी केली. पुढे बेथलेहेमच्या वाटेवर बन्यामीनास जन्म देताना ती वारली. याकोबाने तिला वाटेतच पुरले, कबरेवर स्तंभ उभारला आणि तो पुढे चालू लागला. लेकरे व कळप यांस पाहणे होते. परंतु मिसर देशात, अखेरच्या आजारात योसेफाशी बोलताना, ती वाट त्यास नावानिशी आठवली. त्याने जागेस खूण केली व तो चालत राहिला; विसरला मात्र नाही.

म्हणून भगिनींनो, बंधूंनो, त्या जागा टाळू नका, आणि तेथेच खिळूनही राहू नका. मृतात्म्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणा, आणि मग घागर उचला. ते वृद्ध गृहस्थ पुढे सायंकाळची घंटा झाली की विहिरीच्या काठावर बसून जपमाळ करीत. डोळे अखेरपर्यंत भरून येत; पण वाट त्यांनी पुन्हा बदलली नाही.

इतर सर्वांस एक विनंती. अशा घरी गेलात, तर गेलेल्याचे नाव घेण्यास भिऊ नका; नाव ऐकावयास ते घर भुकेलेले असते. आणि महोत्सवाच्या पंगतीत विधवेस मागे बसवू नका.

मरिया मग्दालेना कबरेपाशी रडत उभी राहिली. पुनरुत्थित प्रभूने तिला तेथेच नावाने हाक मारली. ज्या वेदीसमोर तुम्ही विवाहाचे वचन दिले, तिच्याचसमोर तुम्ही शवपेटी ठेविली. त्याच वेदीवर प्रत्येक मिस्सेत मृतांचे स्मरण होते. आमच्या वह्यांत दूर गेलेली ती दोन नावे प्रभूजवळ शेजारीच आहेत, अशी श्रद्धा बाळगून आज घरी जा, आणि जाताना विहिरीच्याच वाटेने जा. आमेन.