धुळ्याहून लंडन किती लांब?



मुंबई ते दुबई हे हवाई अंतर साधारण 1,900 किलोमीटर, विमानाला तीन तास लागतात. धुळे ते मुंबई रस्त्यानं जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर. पण कसारा घाट आणि पुढची भिवंडीची कोंडी धरली तर सहा-सात तास मोडतात. म्हणजे वेळेच्या हिशेबानं धुळेकराला मुंबईपेक्षा मुंबईपुढची दुबई जवळ! खान्देशातल्या माणसानं परदेशप्रवासाचा विचार करताना हे आधी ध्यानात घ्यावं. आपला प्रवास विमानतळावर नाही, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

मुलगा-सून किंवा लेक-जावई परदेशात असलेली कितीतरी घरं आज जळगाव-धुळ्यात आहेत. त्यांचे आईवडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात तेच थेट लंडनला जायला. हा हिशेब मुख्यतः त्यांच्यासाठी.

समजा, तिकिटावर 15 जानेवारी, वेळ 01:30 आहे. हे विमान 14 तारखेच्या मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटतं. तीन तास आधी पोचायचं, म्हणजे 14 ला रात्री साडेदहाला. म्हणून धुळ्याहून गाडी 14 तारखेलाच, दुपारी दोनच्या आत हलली पाहिजे. जळगावकरांना रेल्वेनं मुंबई सुमारे 420 किलोमीटर, सात-आठ तास. त्यांनी सकाळचीच गाडी धरावी. तारीख 15 बघून जो 15 ला दुपारी निघेल, तो मुंबईत पोचेल तेव्हा विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असेल.

आता पुढचं. त्याच तिकिटावर लंडनला पोचण्याची वेळ सकाळी सहा दिसते. दीड ते सहा, साडेचार तास? नाही. ही सहाची वेळ लंडनच्या घड्याळाची. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणून खरा प्रवास दहा तासांचा. अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. परतताना मात्र तासभर वाचतो, कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर.

धुळ्याच्या घरापासून लंडनच्या घरापर्यंत सगळं मिळून चोवीस तासांच्या आसपास जातात. त्यातले विमानातले दहा तास कमी करणं कुणाच्या हातात नाही. अलीकडचे, मुंबईपर्यंतचे, नक्कीच कमी करता येतील, जळगावहून विमानानं मुंबई गाठली तर.

जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. 2017 च्या डिसेंबरात उडान योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली, मग खंड पडला, 2024 मध्ये पुन्हा विमानं येऊ लागली. धावपट्टी सुमारे 1,700 मीटरची, म्हणून इथं पंख्याची लहान विमानं उतरतात. तरीही मुंबई सव्वा-दीड तासावर येते, आणि धुळ्याहून जळगाव शंभर किलोमीटरच्या आतच आहे. माझं आग्रहाचं म्हणणं एवढंच की नुसती फेरी असून भागत नाही. परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मुंबईहून रात्री सुटतात. जळगावची फेरी संध्याकाळी मुंबईत पोचली, रोज पोचली आणि ऐन वेळी रद्द झाली नाही, तरच सत्तरीतले आजी-आजोबा तिच्या भरवशावर लंडनचं तिकीट काढतील.