आधी आकड्यांवर शंका घ्या



डेटा ॲनालिस्ट व्हायला कुठला क्लास लावू, असं आपल्याच इमारतीतल्या मुलाने परवा विचारलं. वडील चाकणला कारखान्यात. फीसाठी कर्ज काढायची तयारी. म्हटलं, जरा थांब.

बँकेत लेजर जुळलं नाही की आम्ही फरकाला नऊने भागत असू. पूर्ण भाग गेला, तर बहुधा ५४ चे ४५ झालेले असत! आकड्यावर शंका घेणं हा पहिला धडा. त्याला फी नाही.

दुसरा धडा संख्याशास्त्राचा: सरासरी, संभाव्यता, नमुना पाहणी. त्यात बी.एस्सी. केलं तर उत्तमच. मग एक्सेल, एसक्यूएल, पायथॉन, याच क्रमाने.

आणि प्रश्न नेमका हवा. पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली सरकारी पाहणीच्या आकड्यांना विचारलं, माणशी रोज २२५० कॅलरी मिळायला महिन्याचा खर्च किती हवा? उत्तर आलं, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. देशाची गरिबी मोजता आली.

त्या मुलाला मी सोसायटीची तीन वर्षांची टँकरची बिलं दिलीत. सध्या तो ती एक्सेलमध्ये भरतोय. कर्ज अजून काढलेलं नाही.