डिझेल मेकॅनिकचे प्रशिक्षण आणि विद्यार्थ्याची उमेद



औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रवेश पावसाळ्यात पुरे होतात. डिझेल मेकॅनिकच्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या वीस-चोवीस मुलांना पहिल्याच दिवशी 'हा व्यवसाय का निवडला?' असे विचारले, तर येणारी उत्तरे ऐकणाऱ्याला विचारात पाडतात. दहावीला गुण कमी पडले. इलेक्ट्रिशियनच्या यादीत नाव लागले नाही. मामाचे गॅरेज आहे. अर्ज वडिलांनीच भरला. इंजिनाची आवड आहे म्हणून आलो, असे सांगणारा एखाददुसराच निघतो. म्हणजे वर्गातील बहुतेक मुले आपण कोठेतरी हरलो आहोत, ही भावना मनात घेऊनच कार्यशाळेची पायरी चढतात.

या भावनेचा परिणाम दिवाळीच्या सुटीनंतर दिसू लागतो. हजेरीपटावरील काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात आणि एखादा मुलगा कायमचाच येईनासा होतो. शासनाने इमारत, यंत्रसामग्री व निदेशक यांवर खर्च केलेला असतो, आणि ती जागा वर्षभर रिकामी राहते. पण त्याहून मोठी हानी त्या मुलाची होते. तो रस्त्यावरील एखाद्या गॅरेजात पोऱ्या म्हणून लागतो, सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो, पाने उचलून देतो. हाताला थोडेफार वळणही लागते. परंतु राज्य परिवहनाच्या आगारात किंवा रेल्वेच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करण्याची वेळ आली, की प्रमाणपत्राअभावी त्याला बाहेरच थांबावे लागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उघडलेली वाट त्याच्यापुरती बंद झालेली असते.

यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे एखाद्या मान्यवराचे भाषण. जिद्द, चिकाटी, श्रमप्रतिष्ठा या विषयांवर मुले ते शांतपणे ऐकून घेतात आणि विसरतात. उमेद भाषणाने येत नाही, हे भाषणातूनच सांगावे लागावे यात थोडी विसंगती आहे खरी. पण हे भाषण मुलांसाठी नसून त्यांच्या भोवतीच्या वडीलधाऱ्यांसाठी आहे.

मग उमेद येते कशाने? इंजिन कळू लागले की येते. आणि आपल्या हाताने दुरुस्त झालेल्या यंत्राची कोणाला तरी खरोखर गरज होती हे दिसले, म्हणजे ती टिकते.

कळण्याची सुरुवात फार साध्या गोष्टीपासून होऊ शकते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव खेड्यातील प्रत्येक मुलाचा आहे. दाबलेली हवा तापते, एवढ्याच तत्त्वावर डिझेल इंजिन उभे आहे. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि त्या क्षणी नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. जो निदेशक पहिल्या दिवशी फळ्यावर व्याख्या लिहून देण्याऐवजी वर्गात सायकलचा पंप घेऊन येतो आणि त्याचे तोंड बोटाने दाबून धरायला लावतो, त्याचा अर्धा कार्यभाग तेथेच साधतो. आपल्याला हे आधीपासूनच थोडे ठाऊक होते, असे त्या मुलाला प्रथमच वाटते. दहावीच्या निकालानंतर असे वाटण्याची संधी त्याला क्वचितच मिळालेली असते.

यानंतरचा प्रश्न कार्यशाळेतील इंजिनांचा. अनेक कार्यशाळांत स्टँडवर एखादे जुने इंजिन असते. दरवर्षीची तुकडी ते उघडते, भागांची नावे पाठ करते, आकृत्या काढते आणि पुन्हा जोडते. ते सुरू मात्र होत नाही. सुरू व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. एखादी पिस्टन रिंग उलटी बसली किंवा हेडचे बोल्ट कमी-अधिक आवळले गेले, तरी त्याने काही बिघडत नाही. जेथे चूक केल्याने काही बिघडत नाही, तेथे बिनचूक काम केल्याचा आनंदही नसतो. टॅपेटची फट मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढी का ठेवायची, हे चालत्या इंजिनाचा आवाज ऐकल्यावाचून पटत नाही. फट जास्त झाली की टकटक वाजते. कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब निसटतो. यासाठी प्रत्येक तुकडीच्या वाट्याला निदान एक तरी चालते इंजिन यावे, ते मुलांनीच उघडावे, मुलांनीच जोडावे आणि सर्वांसमक्ष त्यांनीच हँडल मारून सुरू करावे. पहिल्या खेपेस ते बहुधा सुरू होत नाही. निदेशकाने त्या वेळी पुढे होऊन पाना हातात न घेणे, हे त्याच्या कामातील सर्वांत अवघड काम आहे.

कारण खरे शिक्षण त्या क्षणी सुरू होते. दोष शोधणे हे केवळ हाताचे काम नाही. धूर काळा येत असेल, तर डिझेल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. निळसर असेल, तर वंगणाचे तेल जळते आहे, म्हणजे रिंगा किंवा लायनर झिजले असण्याचा संभव आहे. पांढरा असेल, तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. लक्षणावरून कारणाकडे जाणे, दोन कारणांतले एक तपासून बाजूला काढणे, ही वैद्याची विचारपद्धती आहे. गणितात नापास झालेला मुलगा हा विचार अचूक करताना दिसतो, तेव्हा त्याला 'ढ' ठरविणाऱ्यांनी आपलाच ताळा एकदा तपासून पाहावा. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तो याच अनुभवाच्या जवळचा आहे. त्या काळी डोळ्यांपुढे चरखा होता. नोझल आणि पंप यांनाही तो विचार तितकाच लागू पडतो.

अपयशाविषयीही असेच. रुडॉल्फ डिझेल याच्या पहिल्या इंजिनाची चाचणी १८९३ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे झाली, तेव्हा त्यावरील दाबमापक फुटला आणि इंजिन काही चालले नाही. यशस्वी चाचणीसाठी १८९७ साल उजाडावे लागले. महाराष्ट्रातील उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकत होते. रंग ओळखण्याच्या दोषामुळे ती वाट सोडावी लागली आणि ते यंत्ररेखनाकडे वळले. पुढे बेळगावातील सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर आणि १९१० मधील किर्लोस्करवाडी हा इतिहास सर्वश्रुत आहे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. मात्र अशा कथा स्नेहसंमेलनात सांगून फारसा उपयोग होत नाही. इंजिन सुरू न झाल्यामुळे खाली मान घालून बसलेल्या मुलाशेजारी बसून त्या सांगाव्या लागतात.

निदेशकाची भाषा हाही यातीलच भाग आहे. 'हात लावू नको' या वाक्यापेक्षा 'हात का लावायचा नाही' हे सांगणारे वाक्य मुलाला मोठे करते. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट धरू नये, कारण त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत शिरते, हे एकदा समजले की नियम पाळण्यासाठी शिक्षेची गरज उरत नाही. मामाच्या गॅरेजातून आलेला मुलगा बहुधा शिस्तीला जड जातो, कारण त्याला हाताने येते पण कारण सांगता येत नाही. त्याला गप्प बसविण्याऐवजी दोन नवख्या मुलांना काम दाखविण्याची जबाबदारी दिली, तर आपल्याला काय सांगता येत नाही हे त्याचे त्यालाच उमगते. या व्यवसायात मुली अजून थोड्या आहेत. त्यांना फक्त नोंदवही लिहिण्याचे काम देणारी कार्यशाळा त्यांना सौजन्याने परत पाठवीत असते.

आता मुले उघडपणे विचारू लागलेल्या एका प्रश्नाकडे वळावे लागेल. विजेवरच्या गाड्या आल्या, मग डिझेल शिकून काय करायचे? हा प्रश्न टाळू नये. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विजेवरची गाडी सुरू झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर काही उत्पादकांनी डिझेलच्या मोटारी बनविणेच थांबविले. बदल खरा आहे. मात्र मालट्रक, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रे, जनित्रे आणि वीज नसलेल्या विहिरींवरील पंप यांचे काम आजही मुख्यतः डिझेलवर चालते, आणि नव्या इंजिनांतील संगणकनियंत्रित इंधनप्रणालीमुळे अर्धवट शिकलेल्या मिस्त्रीचे त्यात काही चालत नाही. शिवाय ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग आणि निलंबन यंत्रणा विजेच्या गाडीलाही असतात. औद्योगिक प्रशिक्षणात विजेवरील वाहनांचा स्वतंत्र व्यवसायही दाखल झाला आहे. लक्षणावरून कारण शोधण्याची सवय लागलेला मुलगा तेथे जाऊ शकतो. केवळ बोल्ट आवळणे शिकलेल्याला ते कठीण जाईल. एवढे स्पष्ट सांगितले तर मुले घाबरत नाहीत. खोटा दिलासा मात्र ती लगेच ओळखतात.

शाळेतील शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे आहे. निकालाच्या दिवशी 'आता आय.टी.आय.च कर' या वाक्यातील एका 'च'ने पुढच्या निदेशकाचे सहा महिन्यांचे काम वाढते. दहावीनंतर दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे, ही माहिती पालकांना निकालापूर्वीच मिळावयास हवी.

पंचायतीच्या सभासदांकडून अपेक्षा आहे ती खऱ्या कामाची. ऐन पाणी देण्याच्या वेळी डिझेल संपून बंद पडलेला पंप टाकी भरूनही सुरू होत नाही, कारण नळीत हवा धरलेली असते. पंपाचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल जाऊ देऊन ती हवा काढावी लागते. काम दहा मिनिटांचे. पण ते येत नाही म्हणून शेतकऱ्याचा अख्खा दिवस मिस्त्रीची वाट पाहण्यात जातो. सतरा वर्षांच्या मुलाने ते काम बांधावर बसून केले, इंजिनाने ठोका धरला आणि पाटात पाणी आले, म्हणजे घरधन्याने दिलेला चहा त्याला कोणत्याही बक्षिसाहून मोठा वाटतो. रब्बीच्या तोंडावर गावोगावी निदेशकांच्या देखरेखीखाली अशी दुरुस्ती शिबिरे घेता येतील. त्यासाठी लागणारे डिझेल, गॅस्केट, फिल्टर यांचा खर्च यंत्रमालकाने करावा, श्रमांचा मोबदला मागू नये, असे आधीच ठरवून घेणे बरे. ग्रामपंचायतीने कोणत्या वाडीवर कोणते पंप आणि ट्रॅक्टर नादुरुस्त आहेत, ते कोणत्या बनावटीचे आहेत आणि त्यांची तक्रार काय आहे, याची यादी महिनाभर अगोदर संस्थेकडे पाठविली, तर सुटे भाग मागविणे आणि तुकड्यांचे वेळापत्रक बसविणे ही दोन्ही कामे प्राचार्यांना वेळेत उरकता येतील.