बंदुकीचे मूळ रूप



नरनाळ्याची नऊगजी तोफ उद्या कोणी नव्या गाड्यावर चढविली आणि गाडा जुनाच आहे असे सांगितले, तर आपण ते मानू काय? हाच प्रश्न आज आम्ही एका लहान शस्त्राविषयी विचारतो.

दुसऱ्या महायुद्धातील ‘नंबर चार, टी’ ही नेमबाजाची ली-एन्फील्ड रायफल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९४२ पासून अचूक ठरलेल्या रायफली निवडून त्यांच्या डाव्या अंगाला दुर्बिणीच्या बैठका बसविल्या, दस्त्यावर गाल टेकण्यास लाकडी उंचवटा दिला आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर ठोकला. युद्ध संपले. काही रायफली शिकाऱ्यांकडे गेल्या. वजन उतरावे म्हणून त्यांनी पुढचे लाकूड कापले. दुर्बिणी भलतीकडेच गेल्या.

आता संग्राहक ते लाकूड पुन्हा बसवितात. त्यास आमची हरकत नाही. परंतु परक्या दुर्बिणीशी जुळावा म्हणून जुना आकडा खोडून नवा ठोकणे ही दुरुस्ती नव्हे, खोटी साक्ष होय. नवे ते नवे म्हणून नोंदवावे.

१९७२ च्या कायद्याने आपल्या मेळघाटातील शिकार थांबली. जुन्या घरांत ज्या बंदुका परवान्याने राहिल्या, त्यांनाही हाच न्याय लावावा. कापणाऱ्याचा हात हाही इतिहासच. तो पुसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?