मिथुन, तूळ आणि ॲस्पिरिन

इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथून कुठून ऐकत असाल तिथे क्षणभर आपली रास आठवा. चंद्ररास नको; जन्मतारखेवरून काढतात ती पाश्चात्त्य रास.

मिथुन किंवा तूळ असेल, तर हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनचा तुम्हाला उपयोग नाही! हे माझं मत नव्हे. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आयसिस-२ चाचणीचे आकडे तसं 'सांगतात'. रुग्ण १७,१८७, देश १६. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू पाच आठवड्यांत २३ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांचे गट पाडून निकाल दाखवताना संशोधकांनी मुद्दाम राशींचेही गट पाडले. मिथुन-तूळवाल्यांत मृत्यू ९ टक्क्यांनी जास्त, बाकीच्यांत २८ टक्क्यांनी कमी. हा निव्वळ योगायोग होता, आणि त्यांना दाखवायचं होतं तेही हेच.

माझं काम रुग्णांची माहिती चाळण्याचं. संगणक दुपारभरात शंभर गट पाडून देतो. नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर खरा फरक कुठेच नसतानाही पाचेक गट 'वेगळे' निघतात. एकदा मी असाच तक्ता एका डॉक्टरांना दिला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, "या वयाच्या रुग्णांचं औषध बंद करू?"

मी चपापलो. तक्त्यात नुसती टक्केवारी होती. मग चित्र काढलं. प्रत्येक गटाला एक चौकोन, त्यातून जाणारी आडवी रेघ; रेघ जितकी लांब तितकी अनिश्चितता. मध्ये 'फरक नाही' ही उभी रेघ. त्या गटाची रेघ उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब पसरलेली! माणसंच मोजकी होती.

म्हणून चाळूच नये का? तसं नाही. १९८६ मध्ये डॉन स्वॉन्सन या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत पाऊल न टाकता दोन प्रकारचे लेख शेजारी ठेवले. काही लेख सांगत होते, माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो. काही सांगत होते, थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्या रेनॉच्या विकारात तो वाढलेला असतो. या दोन्हींचा दुवा कुणी जोडला नव्हता. स्वॉन्सननी तो अंदाज म्हणून मांडला. रुग्णांवरची चाचणी पुढे इतरांनी केली.

आमच्या डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं. मी आता टक्केवारीच्या आधी रुग्णसंख्येचा रकाना छापतो.