पूर ओसरल्यावर घरात जाताना

सप्टेंबर 2025 मध्ये जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग झाला आणि अंबड, घनसावंगी तालुक्यांतल्या गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं. असं पाणी ओसरलं की प्रत्येकाला घर धुवायची घाई होते. पण आधी पंचनाम्यासाठी फोटो काढून ठेवा. मेन स्विच बंद असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्या. ओल्या भिंतीतूनही शॉक बसतो. अडगळीला हात घालण्याआधी काठीनं हलवा, कारण साप कोरडी जागा शोधत घरातच येतात.

गाळ ओला आहे तोवरच फावड्यानं ओढा, वाळला की दगडासारखा घट्ट बसतो. पायात गमबूट हवेतच. जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, म्हणून ताप आला तर आशाताईंना लगेच कळवा.

फरशी धुताना ब्लीचिंग पावडरीत अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

सर्वांत मोठी काळजी विहिरीची. पुराचं पाणी आत गेलं असेल तर उपसा करा, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या. पाण्यातलं क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी होईपर्यंत पाणी उकळूनच प्या. भिजून आंबलेलं धान्य जनावरांनाही घालू नका.