पोटात दुखतंय? आधी चार प्रश्न विचारा
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा बहुतेक जण पन्नाशीच्या आत होतो. आज कित्येक घरांत नवरा-बायको दोघंच असतात. मुलं परगावी नाहीतर परदेशी. रात्री दोन वाजता पोटात दुखू लागलं, तर पहिली बेल शेजारच्या दारावर वाजते. म्हणून हा विषय घेतला. मी डॉक्टर नव्हे. माझा जन्म व्हाउचर तपासण्यात गेला. निदान डॉक्टरांनीच करायचं. थांबायचं की निघायचं, एवढं आपल्याला कळलं तरी पुष्कळ.

बँकेत एखाद्या रकमेचा पत्ता लागला नाही की ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. आपल्याकडे 'गॅस झाला असेल' हे तसंच खातं आहे. पण नोंद तिथेच पडून राहता कामा नये. त्यासाठी चार प्रश्न: नेमकं कुठे दुखतं? कधीपासून आणि कसं? दुखणं सरकतं का? सोबत आणखी काय होतंय?

जेवणानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर, आडवं झाल्यावर त्रास वाढणं, ही बहुधा ॲसिडिटी. मुरडा येऊन जुलाब झाले, तर बाहेरचं खाणं आठवून पाहा आणि मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घेत राहा.

दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकलं, भूक मेली, उलटी झाली, बारीक ताप आला, तर अपेंडिक्सची शंका घ्यावी. अशा वेळी एरंडेल किंवा कुठलंही रेचक देऊ नये; अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढतो.

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे गेली, तर पित्ताशयातले खडे असू शकतात. मूतखड्याची कळ कमरेच्या बाजूने जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी स्वस्थ बसू देत नाही. लघवीत रक्तही दिसू शकतं. याउलट पोटातल्या आवरणाला सूज आली असेल, तर माणूस हलायलाच घाबरतो, पोट लाकडासारखं घट्ट होतं. असा माणूस शांत पडलेला दिसतो, म्हणून फसू नका.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि शौच तर नाहीच, वारासुद्धा सरत नाही, म्हणजे आतड्यात अडथळा असू शकतो. हर्नियाची गाठ दुखू लागली आणि आत जाईनाशी झाली, तरी थांबू नये. पुरुषमंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं. ओटीपोट तडस लागल्यासारखं दुखतंय आणि लघवी होतच नाही, तर कारण प्रोस्टेट असू शकतं.

गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या आपण बरेच जण घेतो. त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर आत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोटाच्या वरच्या भागात दडपण, सोबत थंड घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, हे हृदयाचं दुखणं असू शकतं. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार असा वेष पालटून येतो. इथे सोडा पिऊन वाट पाहायची नाही, ताबडतोब इसीजी. घरात तरुण सून किंवा लेक असेल आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखून चक्कर आली, तर तेव्हाही लगेच रुग्णालय गाठायचं.

आणखी एक गोष्ट. आपल्या वयात दुखणं कमी आणि आजार मोठा, असं होऊ शकतं. तेव्हा 'सहन होतंय' ही कसोटी धरू नका.

दुखणं जोराचं असेल, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत खायला काही देऊ नये. चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत, दाराजवळ ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठळक लिहा. रुग्णवाहिकेचा क्रमांक 108, तोही त्याच चिठ्ठीवर लिहून ठेवा.

आणि बेल वाजवायला संकोच करू नका. सकाळी 'गॅसच होता' असं निघालं, तर आपण सगळे मिळून चहा घेऊ.